बाबांनी लावलेली ऑर्डर

शुक्रवार, संध्याकाळ. सुदामा नगर.

परवा या डायरीत लिहिलं ते चूक आहे. तो शेअर योग्य वेळी मी विकला नव्हता, बाबांनी विकला. त्यांना जाऊन अकरा महिने झाले, तरी. ठरलेला भाव आला की आपोआप विकायची ऑर्डर त्यांनी आजारपणात लावून ठेवली होती. ती वर्षभर जिवंत राहते.

आज वर्षभराचे सौदे तपासले. फायद्याचे सगळे त्यांचे. त्यांच्याच लॉगिनने मी केलेले सगळे तोट्यात. "भाव आधी ठरव, मग स्क्रीन बघू नको," हे त्यांनीच शिकवलं होतं. मी बघतच राहिले. आणि गेलेल्या माणसाच्या नावाने सौदे करायला मला कोणी शिकवलं?

दुपारी त्यांचा फोन पुन्हा थरथरला. आई तो रोज चार्ज करते.

"बघ गं, बाबांचा मेसेज!"

आणखी एक विकला गेला होता. मी म्हटलं, बाबा गेल्याचं आता ब्रोकरला कळवायला हवं, मग खातं बंद होईल.

"रहने दे ना. तेवढाच तर वाजतो त्यांचा फोन."

अजून एक ऑर्डर बाकी आहे. भाव अगदी जवळ आलाय. उद्या-परवा बाजार बंद, फोन गप्प राहील. आईला रविवारी सांगेन. मृत्यूचा दाखला घेऊन ब्रोकरकडे सोमवारी सकाळी, बाजार उघडायच्या आत.