जाळीचा एक कोपरा

वालपाराइसो, ९ जून

प्रिय नीवेस,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे, दोन्ही पोचले. मोजे उबदार आहेत, पत्र नेहमीसारखंच. तुझी तब्येत बरी आहे हे वाचून बरं वाटलं. मी आहे तशी आहे. गुडघा कुरकुरतो, पत्रा गळतो, थंडी यंदा जूनमध्येच हाडांत शिरली. रॉकेलची शेगडी पेटवली की डोकं दुखतं, नाही पेटवली तर बाकीचं सगळं दुखतं. फोन करत नाहीस तेच बरं. फोनवर आपण भांडतो, कागदावर निदान एकमेकींना वाक्य पुरं करू देतो.

तर शेवटी मी तुझं ऐकलं. सगळ्या खिडक्यांना जाळी मारून घेतली. मार्चमध्ये मोता खालच्या वळणावर बसखाली गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, "मांजराला बाहेर सोडणं म्हणजे त्याला हप्त्याहप्त्याने मारणं आहे, ताई." मोताला पुरून मी तेव्हा नुकतेच हात धुतले होते. मी फोन का आपटला ते तुला कळलं असेल, नसेल कळलं तर आता कळव. पण राग उतरल्यावर वाटलं, तुझी रेइना सान्तियागोत दहाव्या मजल्यावर जाळीआड म्हातारी झाली, आणि माझी मोता जेमतेम जवान झाली होती. यावर मी काय बोलणार?

मांजरं वाचवणाऱ्या बायकांपैकी यास्ना नावाची एक मुलगी घर तपासायला आली. जाळी नसेल तर त्या मांजर देतच नाहीत. स्थळ बघायला यावं तशी ती घरभर फिरली. प्रत्येक जाळीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. न्हाणीच्या झरोक्यात स्वतःचं डोकं घालून पाहिलं. मी म्हटलं, "अगं, तिथून मी जाणार नाही आणि तूही." ती हसली नाही. या मुली हसत नाहीत, फार मांजरं पुरलेली असतात त्यांनी.

दोन दिवसांनी ती बोका घेऊन आली. नारिंगी, थोराड डोक्याचा, शेपटीचं टोक मोडून आकड्यासारखं वळलेलं. आमच्याच टेकडीवर, गल्लीच्या पायऱ्यांवर लावलेल्या पिंजऱ्यात सापडला. त्याची नसबंदी केली आहे, आणि तो कुणाचाही नाही, असं यास्नाने सांगितलं. मी त्याचं नाव बेनितो ठेवलं. खातो बरा. रेडिओवर झोपतो, कारण रेडिओ गरम होतो. दिवसभर पायऱ्यांकडच्या खिडकीत बसतो, आणि संध्याकाळ झाली की रडतो. यास्ना म्हणते, सवय होईल.

तुला सांगू? बाजारातून आल्यावर कुलपात किल्ली फिरवताना आत कुणीतरी आहे हे माहीत असतं. राऊल गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून हे माहीत नव्हतं मला.

बाकी सगळं तेच. खालच्या घरातला म्हातारा एवारिस्तो हल्ली रोज संध्याकाळी पायऱ्यांवर उभा राहून ओरडत असतो. त्याच्याशी मी बोलत नाही. मोता गेली तेव्हा हा मला म्हणाला होता, "निदान मांजरासारखी जगली, बाई. उशीसारखी नाही." तू तिकडून मीठ चोळलंस, त्याने इकडून.

तू येणार नाहीसच. पायऱ्या चढवत नाहीत म्हणतेस. मलाही चढवत नाहीत, पण माझं घर वर आहे.

तुझी
ओतीलिया

•

वालपाराइसो, ६ जुलै

प्रिय नीवेस,

पावसाने चार दिवस घरात कोंडलं आहे. भोपळ्याच्या सोपाइपिया तळून खाल्ल्या, एकटीनेच, म्हणून जरा जास्तच खाल्ल्या. पोट जड आहे. बाकी ठीक.

तू विचारलंस, तो म्हातारा ओरडतो काय? चार पानांच्या पत्रातून नेमकी तीच ओळ तुला दिसावी! लहानपणी मी बिस्किटं लपवायची तेव्हाही तू अशीच सरळ जागेवर जायचीस.

तो "कापितान" अशी हाक मारतो. बांगडा माशाच्या डब्यावर चमचा वाजवतो आणि हाक मारतो. "कापिताऽऽन! ये रे, जेवण तयार आहे!" मग थांबतो. मग पुन्हा. पावसातही येतो, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून.

आणि बेनितोचे कान वळतात. लिहिलं एकदाचं.

मी लगेच काही मान्य केलं नाही. चमच्याच्या आवाजाला कुठलंही मांजर कान वळवेल, असं स्वतःला समजावलं. मग त्याची उशी पायऱ्यांकडच्या खिडकीतून उचलून मागच्या खोलीत ठेवली. वारा लागतो म्हणून, असंही स्वतःला सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पाव आणायला रोसाल्बाच्या दुकानात गेले. दुकान पायऱ्यांच्या बरोब्बर मध्ये असल्यामुळे टेकडीवर काय शिजतंय ते वर किंवा खाली जाण्याआधी तिच्याकडे येतं. तिथे कळलं, नारिंगी बोका तिच्याकडेही यायचा. तिच्याकडे तो गोर्दो, जाड्या. वरच्या निळ्या घरातल्या बहिणींकडे रविवारी मटणाच्या वासाला यायचा, त्यांनी त्याचं नाव पाद्री ठेवलं होतं.

"मग बोका होता कुणाचा?" मी विचारलं.

"कुणाचा म्हणजे? पायऱ्यांचा," रोसाल्बा म्हणाली. "जेवायला चार घरं. झोपायला मात्र एवारिस्तोकडे. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याच्या पायांवर झोपायचा."

तेवढ्यात तो स्वतःच आत आला. ओला, दाढी वाढलेली. मला बघून टोपी काढली. आमचं बोलणं नाही हे तो विसरला असावा.

"ओतीलियाबाई, तुमची खिडकी पायऱ्यांवर आहे. माझा बोका दिसला का कुठे?"

"नाही," मी म्हटलं.

"शेपूट मोडकी आहे त्याची."

"नाही दिसला."

"गेला असेल कुणा शेगडीवाल्याकडे," तो रोसाल्बाकडे वळून म्हणाला. "शहाणाच तो. मला कुणी नेलं तर मीसुद्धा जाईन."

"तुम्हाला कोण नेणार? तुमच्या खाण्याला चार घरं पुरायची नाहीत!" रोसाल्बा म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले, नीवेस. पाव घेतला, मूग गिळले आणि वर आले.

आता तू म्हणशील, बरं केलंस. बोका सुरक्षित आहे, जाडजूड आहे, बसखाली जाणार नाही, कुत्री फाडणार नाहीत, कुणी विष घालणार नाही. हे सगळं खरं आहे. मी त्याला रोज हेच सांगते. पण तो पोटाचे केस चाटून चाटून काढतोय, तिथे नुसती गुलाबी कातडी राहिली आहे. आणि दारावर ओरखडे आहेत, खाली, त्याच्या उंचीवर. यास्ना म्हणते सवय होईल. तुझ्या रेइनाने बाहेर कधी पाहिलंच नाही, तिला काय सवय लागायची होती?

मला त्याला द्यायचा नाही. हे मी उजळ माथ्याने नाही, पण सरळ लिहिते आहे. मला एक मांजर पुरून झालं. दुसरं पुरायची ताकद नाही, आणि रिकाम्या घराची किल्ली फिरवायचीही नाही.

तू उत्तर देऊ नकोस. किंवा दे, पण मोज्यांबद्दल लिही.

तुझी
ओ.

•

वालपाराइसो, १९ ऑगस्ट

प्रिय नीवेस,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "कुणाचा का असेना, आता तुझा आहे. दार उघडू नकोस." एवढं लिहायला तुला महिना लागला म्हणजे तूही विचार केलास. त्याबद्दल तुझ्यावर राग नाही.

मागच्या वादळात एवारिस्तो घळीत उतरला. बोका तिथल्या झुडपांत अडकला असेल असं त्याला वाटलं. चिखलावरून घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. कचऱ्याच्या गाडीवाल्यांनी त्याला वर काढलं. हातातला बांगड्याचा डबा त्याने सोडला नव्हता म्हणे. रोसाल्बाने हे हसत हसत सांगितलं आणि सांगून झाल्यावर एप्रनने डोळे पुसले.

पाय प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे त्याचं बाहेर येणं बंद. जेवणाचं कोण बघणार? तर ज्या घरांनी बोक्याला पोसलं त्यांनीच पाळ्या लावल्या. सोमवारी रोसाल्बा, मंगळवारी निळ्या घरातल्या बहिणी, असं. गुरुवार रिकामा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तर बोका कधी आलाच नव्हता, असंच त्यांना माहीत. तरी मी हो म्हटलं.

कासुएलाचा रस्सा केला, मका आणि भोपळा घालून, भांडं फडक्यात बांधलं आणि खाली गेले. त्याच्या घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. पोंचो आणि घोंगडी गुंडाळून तो खुर्चीत बसला होता, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर. शेगडी पेटलेली होती आणि शेजारची खिडकी सताड उघडी. पाऊस आत येऊन फरशीवर डबकं झालं होतं.

"अहो, खिडकी उघडी ठेवून शेगडी कसली पेटवता? रॉकेल रस्त्याला जळतंय!" मी लावायला गेले.

"राहू दे, बाई," तो म्हणाला. "लावली तर तो येणार कुठून?"

मी भांडं खाली ठेवलं. त्याने दोन घास खाल्ले, मीठ बरोबर आहे म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते. मी तिथे उभी होते आणि माझ्या पायांत तू पाठवलेले मोजे होते, अंगावर स्वेटर होता, आणि वर माझ्या घरी मागच्या खोलीत कोंडलेला त्याचा बोका. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

घरी गेले. बेनितोला बाजाराच्या पिशवीत घातलं. तो हू की चू न करता बसला. पायऱ्या उतरताना पिशवीतून त्याचं डोकं बाहेर आलं, नाक वाऱ्यावर, आणि एवारिस्तोच्या दारापाशी पोचायच्या आधीच त्याने उडी मारली. दारातून नाही गेला. वळसा घालून खिडकीतून गेला.

मी आत गेले तेव्हा तो पोंचोवर चढून म्हाताऱ्याच्या हनुवटीला डोकं घासत होता. एवारिस्तोने बोक्याला चाचपलं, पाठ, पाय, पोट. पोटाच्या उघड्या कातडीवर हात थांबला. मग त्याने बोक्याच्या अंगाला नाक लावलं. माझ्या साबणाचा वास आला असणार. लॅव्हेंडरचा, टेकडीवर तो माझ्याकडेच असतो.

"रोज संध्याकाळी मी ओरडायचो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमच्याकडे ऐकू यायचं?"

"यायचं."

मला वाटलं, आता हा मला घराबाहेर काढणार, आणि काढावंच असंही वाटलं. माझी शिव्या ऐकायची तयारी होती.

"तुमच्याकडे याला काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"बेनितो."

"बेनितो." त्याने बोक्याचं तोंड हातात धरून नीट पाहिलं. "शोभतं. पाद्रीपेक्षा तरी बरं आहे."

मग मी रडले, नीवेस, त्या म्हाताऱ्यासमोर, फडकं तोंडाला लावून. यास्नाने रस्त्यावरचा म्हणून दिला होता, हे सांगितलं. मोताबद्दलही सांगितलं. तो म्हणाला, "ती उशीची गोष्ट मी बोलायला नको होती. बायको गेल्यापासून मला बोलायचं वळण राहिलं नाही." मी खिडकी लावू का म्हणून विचारलं. लावा म्हणाला, फार गारठलोय. मी लावली. दारापर्यंत आले तर मागून हाक मारून म्हणाला, "जाताना जरा फट ठेवा, बाई. त्याला तुमच्याकडे यायचं असलं तर?"

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या जाळीचा खालचा कोपरा सोडवला. चाकूने कापला नाही, नुसते खिळे काढले. मांजराच्या डोक्याएवढा. यास्नाला फोन करून खरं ते सांगितलं. ती भडकली, पुन्हा तुम्हाला मांजर देणार नाही म्हणाली. तिचं बरोबर आहे. तुझंही बरोबर आहे. तुम्हा दोघींचं बरोबर असून मी खिळे काढले.

बोका आला का? आला. तिसऱ्या दिवशी सकाळी, ओला होऊन, कोपऱ्यातून सरपटत. रेडिओवर बसला, अर्धा तास झोपला आणि गेला. आता येतो कधी कधी. पोटावर केस उगवायला लागले आहेत. दुकानात रोसाल्बा मला सारखं टोचत असते, "काय ओतीलियाबाई, आज कापितान कुणाकडे जेवला?" आणि सगळ्या पायऱ्यांना माहीत आहे की मी काय केलं होतं. गुरुवारची पाळी माझ्याकडेच आहे.

पण खाली बसचा ब्रेक लागला की माझे हात थांबतात. दर वेळी. बशी हातात असली तर बशी थांबते, सुई असली तर सुई. तो वळणावरचा रस्ता ओलांडतो, हे मला माहीत आहे. खिडकी उघडी ठेवून शेगडीपाशी बसते, आता माझंही रॉकेल रस्त्यालाच जळतं. एक दिवस बोका माझ्याकडे येणार नाही, एवारिस्तोकडेही जाणार नाही, आणि आम्ही दोघं म्हातारे आपापल्या खिडकीतून हाका मारत बसू.

त्या दिवशी मी तुला कळवीन. तेव्हा मला समजावू नकोस, नीवेस. पत्रही लिहू नकोस. बस पकड, पायऱ्या चढ, वाटेत थांबावं लागलं तर रोसाल्बाच्या दुकानात बस, पण ये.

दार लावलेलं असलं तर हाक मार. मला ऐकू येतं.

तुझी ताई,
ओतीलिया