मठाच्या भिंतीतली खाच

मनोरी, सोमवार, ५ डिसेंबर १९८३
मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत माझ्या टेबलाची नोंद झालीच पाहिजे. त्याचा एक पाय आखूड आहे. सरळ रेघ ओढायला जावं तर ती समुद्राकडे पळते.

माझी तिरकी जीभ खात्याला पचेना, म्हणून साहेबांनी मला पाद्र्यांच्या पडक्या मठाची मापं घ्यायला खाडीपलीकडे धाडलं. शिक्षा म्हणे! मार्व्याला होडीत बसलो तेव्हाच जीव खूश झाला. मठाचं छप्पर कधीच गेलंय. उरल्यात काही भिंती, एक कमान आणि पाद्री जेवायचे ती लांबलचक खोली. मला शेजारीच कौलारू खोली दिलीय. जेवण गावातल्या शेवंतीकडचं. बोंबलाचं कालवण झकास. राखणदार काशीराम मूळचा मालवणकडचा, बोलतो कमी, पण टोमणा चुकवत नाही. रविवारी नलिनी येणार. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोची वाट बघतोय, हे तिला कळता कामा नये.

मंगळवार, ६
टेबलाचा प्रश्न निकालात. जेवणखोलीच्या भिंतीतला एक चपटा दगड हलत होता. उजव्या हातात टेप होती, म्हणून डाव्याने उपटला आणि टेबलाच्या पायाखाली सारला. शेवंतीने पाहिलं. म्हणाली, मठाचा दगड गावात सगळेच नेतात, पण नेला की लगेच खाचेत मूठभर तांदूळ घालून दुसरा बसवतात. रिकामं तोंड खायला मागतं. मी म्हटलं, मागू दे, प्रवासभत्त्यात दाखवू. ती हसली नाही. “शिकलेला ना तू,” एवढंच म्हणाली.

गुरुवार, ८
सकाळी शेवंतीची शेळी भिंतीला टेकून उभी. टेकून नव्हे, मान खाचेत. ओढली तर धड तेवढं हाती आलं. कापलेलं नाही, चावलेलं. काशीराम म्हणतो, कोल्हा. खाच माझ्या तळव्याएवढी आहे.

शुक्रवार, ९
दगड परत बसवायला गेलो. आतून कोणीतरी ढकलत होतं. काशीरामने तो माझ्या हातून घेतला. “सायबानू, ह्या लेखणीचा काम न्हय,” म्हणत जोर लावला. दगड बाहेर पडला. त्याचा हात आत गेला. कोपर, मग खांदा. चरकात ऊस मोडावा तसा आवाज. मी त्याची कंबर धरून ओढत होतो. दवाखान्यात न्यायला होडी यायच्या आत तो गेला.

भिंतीवर रक्त होतं. दुपारी पाहिलं तर चाटूनपुसून स्वच्छ.

शनिवार, १०
नलिनीला येऊ नकोस म्हणून तार केली. पोस्टात म्हणाले, सोमवारी पोचेल. शेवंती दारात आली, आत नाही. म्हणाली, जवळ येईल त्याला ते खाणार, पण पोट भरणार ज्या हाताने दगड काढला त्यानेच. माझ्या डाव्या हाताकडे बघून गेली.

रविवार, ११
धक्क्यावर उभा राहिलो. ती आधीच्याच होडीने — मठाकडून किंकाळी —

नलिनीचं मनगट आत. खाचेत माझा चष्मा दिसला म्हणे. चष्मा माझ्या नाकावर. शेवंती मागून ओढतेय. बोटं मोडताना ऐकली.

डावा हात घातला. तिच्या शेजारून. भिंत थांबली.

सुटली. दोन बोटं गेली — बाकी हात शाबूत आहे. शेवंती तिला होडीकडे नेतेय. ती वळून वळून ओरडतेय. जा गं. एकदा तरी वाद न घालता —

वही खिशातच होती. कोपरापर्यंत गेलाय. दुखत नाही असं लिहिणार होतो. दगड माझ्या टेबलाखाली होता, देणंही माझंच.

अक्षर वाकडं येतंय, नलू. या खेपेला दोष टेबलाचा —