ढोल्याच्या शेजारचं ताट

वहिनी,

अंघोळीपुरती घरी आले होते, परत बाबांकडे दवाखान्यात निघालेय. तू ढोल्याला टेकून फरशीवर गाढ झोपली होतीस, उठवायचा धीर झाला नाही.

शेजारी दोन ताटं दिसली. एक त्याचं, एक तुझं. बाबा शेजारी जेवायला बसल्याशिवाय तो कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही, हे तुला सांगायचं आम्ही साफ विसरलो होतो. तुझं तुलाच कळलं? कुत्रा दिसला की खुर्चीवर चढणारी तू, आणि पाच दिवस त्याच्या पंक्तीला जेवतेयस!

मुलांना मावशीबरोबर सुट्टीला पाठवून तू इथे आलीस. आणि मागच्या सुट्टीत मी तुला तोंडावर म्हणाले होते, "तुला या घराचं काही पडलेलं नाही." माझ्या जिभेला हाड नाही. चुकले गं. समोर आले की शब्द फुटत नाहीत, म्हणून हा कागद.

मांजरीला आता काही देऊ नकोस. सकाळी तू दिलंस, मग शेजारच्या काकूंनी दिलं, आत्ता मीही दिलं. प्रत्येकीपुढे जन्माची उपाशी असल्याचं सोंग करते.

तुमचा दोघांचा झोपलेला फोटो दादाला पाठवला, त्यानं तिथे बाबांना दाखवला. त्यांच्या घशातली नळी आज सकाळीच काढलीय. फोटो बघून पाच दिवसांतलं पहिलं वाक्य बोलले म्हणे, "तिला म्हणावं, सतरंजी घेऊन बस. फरशी गार असते."

सतरंजी तुझ्या अंगावर घातलीय.