आजोबांच्या पलंगामागची पिन

कॅल्युमेट, मिशिगन
२० जानेवारी, मंगळवार

प्रिय कार्लीनताई,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. नौदलाच्या छावणीत तुमचे फोन काढून घेतात हे ठीक, पण माझ्यासारख्याला कागद-पेन धरायला लावणं ही शिक्षा तुला आहे की मला? शाळेत एवढं लिहिलं असतं तर शाळेनं मला ठेवून घेतलं असतं. तो साहेब अजून कानात ओरडतो का? केस खरंच कापले?

इकडे बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलाय. शेजारच्या बर्नीसकाकू खिमा-बटाटा भरलेल्या गरम पास्ट्या आणून देतात आणि दारातच विचारतात, "अजून आहेस? मला वाटलं पळालास." त्यांचंही बरोबर आहे म्हणा. अलास्कात मासळीच्या कारखान्यात होतो, टेक्सासात छपरं ठोकली, कुठे एक हंगाम पुरा काढला नाही. आजोबांसाठी या खेपेला टिकलोय. आजोबांसाठी आणि, खरं सांगायचं तर, कॉम्प्युटरसाठी.

हसू नकोस. ऑनलाइन गेममध्ये आमची पाच जणांची टीम आहे, पाचही जण वेगवेगळ्या गावांत. पहिल्यांदाच कुठेतरी कुणीतरी माझी वाट बघतं. पण कॉम्प्युटर म्हातारा झाला. ऐन वेळी पडदा अडखळतो. मी भिंतीआडून डोकं काढेपर्यंत समोरचा मला गोळी घालून जेवायला गेलेला असतो. आमचा कॅप्टन डीक म्हणतो, "रूड्या, चुलीवर चालवतोस का रे ते? लाकडं तरी वाढव!" मग हसणं थांबवून म्हणाला, "शुक्रवारच्या मॅचला असाच अडकलास तर मला दुसरा बघावा लागेल." वाईट माणूस नाही तो. पडदा अडखळू नये म्हणून स्वतःचं जुनं ग्राफिक्स कार्ड त्यानं पाठवून दिलं. खोकं टेबलावर आहे, अजून फोडलेलं नाही.

म्हणजे प्रश्न साधा वाटतो, बदलायचं की नाही. पण यात एका भागावर कधीच भागत नाही. हे कार्ड वीज खातं, म्हणून वीज देणारा डबा मोठा हवा. डबा मोठा झाला की भिंतीतली वायर तेवढी दमाची हवी. आणि आपल्या घराची वायर आजोबांच्या लग्नातली. आत्ताच कॉम्प्युटर आणि कॉफीचं मशीन एकदम लागलं की फ्यूज उडतो. कार्ड घातल्यावर काय होईल देव जाणे.

अख्ख्या घरात पक्का सॉकेट एकच. तो कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. जायच्या आधी तूच इलेक्ट्रिशियन बोलावून आजोबांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी त्याला वेगळी लाइन ओढून घेतलीस.

हां, हरणाचं राहिलंच. मागच्या अंगणात एक लंगडी हरिणी येते. आजोबा तिला सफरचंदाच्या साली टाकतात आणि म्हणतात, "तिचाही एक पाय बदलायला झालाय. मिळतो का तुझ्या त्या दुकानात?" मी म्हटलं, नाही. "मग फुप्फुसं? जुनी चालतील. एकाच मालकानं वापरलेली." असे आहेत अजून. तुझा फोटो फ्रिजवर लावलाय त्यांनी, गणवेशातला.

ताई, मुद्द्यावर येतो. मघापासून टाळतोय.

त्या सॉकेटमधली आजोबांच्या मशीनची पिन मीच काढली. दोन आठवडे झाले. म्हणजे आजोबाच म्हणाले, "माझ्या खोलीतला घे की. माझं मशीन स्वयंपाकघरातून लांब वायर टाकून चालेल." मी म्हटलं, ताई मला जिवंत ठेवणार नाही. तर म्हणाले, "ताई आहे कुठे? आणि तू खेळात रमलास तर बर्फ वितळेपर्यंत तरी राहशील ना?" मी 'हो' म्हणालो. मग आम्ही दोघांनी मिळून पलंग सरकवला आणि तिथे कॉम्प्युटरची पिन लावली.

परवा रविवारी दुपारी मॅच होती. शेवटचा राउंड. एकदम खोलीतला दिवा गेला. माझा पडदा मात्र चालू, कारण मी पक्क्या लाइनवर. मनात आलं, बरं झालं.

पुढचं लिहायचं नव्हतं.

वीज गेली की त्यांचं मशीन टीं-टीं करतं, तू मला ऐकवलं होतंस. हेडफोन होते, ऐकू आलं नाही, असं मी बर्नीसकाकूंना सांगितलं. ऐकू आलं होतं. राउंड संपायला थोडंच राहिलं होतं. मी तो संपवला.

जिंकलो.

स्वयंपाकघरात गेलो तर आजोबा कपाटाला टेकून खाली बसलेले. ओठ निळे. ओट्यावर माझा पेला काढून ठेवलेला. मला कॉफी करायला म्हणून ते उठले होते, त्यांनीच त्याच लाइनवर कॉफीचं मशीन लावलं आणि त्यानंच फ्यूज उडाला. ऑक्सिजनचा सुटा सिलिंडर दाराआड होता, पण तो कसा उघडायचा हे तू दाखवत होतीस तेव्हा माझं लक्ष नव्हतं. त्यांचं मशीन पलंगामागच्या सॉकेटपाशी ओढत नेलं, माझी पिन उपटली, त्यांची लावली; नळी स्वयंपाकघरापर्यंत पुरली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. बऱ्याच वेळानं रंग परतला. पहिला शब्द काय बोलले, माहितेय?

"जिंकलास?"

डॉक्टरला बोलवू दिलं नाही. "कार्लीनला कळलं तर ती सगळं सोडून येईल," म्हणाले. तुला कळवायचं नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. ते हे असं मोडतोय.

खोकं आज परत पाठवणार होतो, खरंच. पण सकाळी उठलो तर आजोबांची वायर पुन्हा स्वयंपाकघरात गेलेली. पलंग त्यांनी एकट्यानं सरकवला, ताई. त्या छातीनं. वर मला म्हणतात, "शुक्रवारी मॅच आहे ना? मी कॉफी करणार नाही, मग तर झालं?"

मी पिन पुन्हा त्यांची लावली. ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी बॅग भरायला घेतलीय. डीकचा निरोप आलाय: कार्ड बसवलंस का? अजून उत्तर दिलेलं नाही.

तू साहेबाला सांग, घरी अडचण आहे, आणि ये. निदान फोन तरी मिळव आणि बर्नीसकाकूंना कर. मला करू नकोस, मी तुला 'सगळं ठीक' म्हणेन. शुक्रवारी भिंतीत कुणाची पिन असेल, हे मी आज सांगू शकत नाही. मला मी माहीत आहे.

तुझा, आज तरी इथेच असलेला,
रूडी