सातव्या ओळीतली सही

आर्कान्सा, १५ जून १९९२

चि. होलिस यास, अ. उ. आ.

लिहायचं कारण एकच: काल माझ्याकडे नोटरीच्या शिक्क्यासाठी आलेल्या अर्जावर सातव्या ओळीत तुझी सही आहे. आपल्या राज्यातून वॉशिंग्टनच्या संसदेवर, काँग्रेसमध्ये, तीनदा निवडून गेलेल्याचं नाव पुन्हा मतपत्रिकेवर छापू नये, असा तो अर्ज. म्हणजे तुझ्या साहेबांनी घरी बसायचं, आणि त्यांच्या कचेरीत बावीस वर्षं काढलीस तो तूही.

सह्या बर्डेट टॅकेटने अग्निशमन केंद्रातल्या मासळीच्या जेवणात गोळा केल्या. प्रत्येक सही आपल्या देखत झाली, अशी शपथ तिला माझ्यापुढे घ्यायची आहे. तू त्या दिवशी इथे होतास का? हो किंवा नाही, एवढंच कळव. तोवर शिक्का नाही.

तुझी,
व्हर्लीनताई

वॉशिंग्टन, १९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नाही. एप्रिलनंतर मी घरी आलेलोच नाही. हे बर्डेटच्या मंडळींचंच काम. साहेबांचा माणूसच त्यांच्यावर उलटला, असं पेपरात आलं की माझी नोकरी गेलीच.

तू नागरिकशास्त्र शिकवलंस. वय, नागरिकत्व, रहिवास, एवढ्याच अटी राज्यघटनेत आहेत. चौथी घालायचा अधिकार राज्याला कुणी दिला? कोर्टात हे टिकायचं नाही, पण तोवर मी टिकायला हवा. लॅव्हॉनला काही बोलू नकोस, उगाच घाबरेल.

लोभ असू द्यावा, दटावणी थोडी कमी.
होलिस

२३ जून

ती. वन्संना, सा. न.

काल तुम्ही दारात उभ्या राहून सहीचं विचारलंत, तेव्हा मी कामाचं निमित्त करून आत गेले. सही मी केली. यांची सही मीच करते. मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर, चर्चच्या वहीत, तुमच्या वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा. सवयीने हात गेला असं सांगणार होते, पण तुम्ही विश्वास ठेवला नसता. मुद्दाम केली.

“राज्याला मुदत घालता येते की नाही ते कोर्ट बघेल,” असं हे फोनवर सांगतात. मला मात्र बावीस वर्षांत कुणी काही विचारलंच नाही.

माया कमी करू नका.
लॅव्हॉन

२६ जून

चि. होलिस यास, अ. उ. आ.

बर्डेटवर तुझ्याइतकाच मीही संशय घेतला. तिची माफी मागून आले. तिच्या डोळ्यांदेखत लॅव्हॉनने तुझं नाव लिहिलं. गावात तुझी सही तीच करते, म्हणून बर्डेटला त्यात वावगं काही दिसलं नाही. शपथही ती बिनदिक्कत घेणार होती.

लॅव्हॉनचं पत्र सोबत आहे. दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे, मग नवरा का असेना, हे तिला मी सुनावलं. राज्यघटनेबद्दल तुझंच बरोबर असावं. मीही वर्गात तेच शिकवलं. पण लॅव्हॉनच्या पत्राला ते उत्तर नव्हे. तुझ्या बायकोची सही अर्जावर आहे, हे साहेबांना पेपरातून कळण्याआधी तूच सांग. आणि घरी ये.

आज दुपारी साडेचारला, शपथ व शिक्का होऊन, बर्डेट टॅकेटच्या हाती दिलं ते असं:
सह्यांचा कागद, एक.
ओळ सातवी, होलिस प्युरिफॉय: लॅव्हॉनने आम्हा दोघींसमोर खोडली.
ओळ विसावी, शेवटची: लॅव्हॉन प्युरिफॉय, स्वतःची सही.

व्हर्लीन प्युरिफॉय, नोटरी