कडुलिंबापासून अकरा पावलं

बाबा, तुमची नात समुद्रात आहे. जन्मभर मंठ्याच्या रस्त्यावर सायकल मारत टेलिफोनची केबल राखणाऱ्या लाइनमनची नात आता केबल दुरुस्त करणाऱ्या जहाजावर इंजिनिअर आहे. आपल्या जिल्ह्यात एक नदी धड बारा महिने वाहत नाही, आणि पोरगी पाण्यात राहायला गेली. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "जोड कोन मारतं तिथं? हात थरथरत न्हाई ना तिचा?" नाही थरथरत. तांब्याच्या तारा जाऊन आता केसाएवढी काच आली, तिच्यातून उजेड धावतो. पण खड्ड्यात पाय सोडून, रॉकेलच्या फडक्यानं केबलचा चिकट लेप पुसत बसलेले तुम्ही आठवता, आणि तिचा फोटो पाहिला की मान तशीच डावीकडे कललेली दिसते.

थरथरते ती मी. इंटरनेट आकाशातून येतं असं मी इतकी वर्षं शाळेत शिकवत आले. ती म्हणाली, "आई, आकाशातून फार थोडं येतं. बँका, दवाखाने, आपलं हे बोलणंसुद्धा समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलमधून जातं. जाडी किती, तर आपल्या अंगणातल्या पाण्याच्या नळीएवढी." त्या कुठून गेल्यात हे नकाशावर छापलेलं असतं, मासेमारांनी तिथं नांगर टाकू नये म्हणून. मी विचारलं, "आणि चोरानं तोच नकाशा पाहिला तर?" "आता चोर नसतात, आई. देश असतात. एखादं जहाज येतं, नांगर तळाशी घासत कोसच्या कोस जातं, आणि चुकून झालं म्हणतं." अशाच दोन केबल मागच्या महिन्यात तुटल्या, आणि तिचं जहाज तिकडं निघालं.

केबलचं टोक वर ओढून घेतलं की जहाजाला पळता येत नाही, बाबा. जोड पुरा होईपर्यंत एका जागी उभं राहायचं, दिवसच्या दिवस. रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, लांबवर एक जहाज येऊन थांबलंय. आपली जागा कळवणारं यंत्र त्यानं बंद ठेवलंय, हाका मारल्या तरी बोलत नाही. आणि हळूच म्हणाली, "आम्ही कुठे आहोत ते कुणाला सांगू नकोस हं." आदल्याच दिवशी वर्गात जगाच्या नकाशावर छडी टेकवून मी मुलांना सांगितलं होतं, "माझी लेक इथं आहे." सोबतच्या बाईंनी कौतुकानं त्याचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. मी धावत त्यांच्या घरी गेले आणि तो काढायला लावला. बाई हसायला लागल्या, "मॅडम, आपल्या शाळेचा व्हिडिओ कोन दुश्मन पाहून राह्यला? तुमी बी ना!"

त्यांचं बरोबरच असेल. पण तो टेम्पोवाला तरी मला कुठे दुश्मन वाटला होता?

तांब्यासाठी केबल चोरीला जायची, ते दिवस. पुलापलीकडचे केबलच्या खुणेचे दगड तुम्ही आणि तुमच्या जोडीला लाइनवर काम करणाऱ्या काकांनी उपटून टाकले. तुम्ही म्हणालात, "दगड पाहून खोदणारा थांबतो, पन चोर बराबर तिथंच येतो." मग ती जागा दोघांनाच ठाऊक राहिली. कडुलिंबापासून रस्त्याकडे अकरा पावलं. तिसरी मी, तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसलेली. मला कोण मोजतंय! शाळेच्या वाटेवर टेम्पो थांबवून एक माणूस गोड बोलला, "लाइनमनची पोर ना तू? तुझ्या बापाला लई अक्कल. केबल कुठून गेली, कुनालाच ठाव न्हाई म्हनं." मी म्हणाले, "मला हाय ना ठाव!" आणि छाती काढून झाडापासून अकरा पावलं टाकून दाखवली. बापाची मोठी पावलं होती ती, म्हणून उड्या मारत टाकली. तो म्हणाला, "शाब्बास."

तिसऱ्या दिवशी मंठ्यातले सगळे फोन मुके झाले. साहेबानं तुम्हाला उभं करून विचारलं, मग चौकीतही नेलं. घरी आल्यावर तुम्ही चुलीपुढे बसलात आणि आईला म्हणालात, "जागा दोघालाच ठाव होती. मी फोडली न्हाई. मंग ऱ्हायलं कोन?" मी भाकरीचा घास तोंडात तसाच धरून बसले. काका तीनदा दारात आले. "वयनी, भाऊला सांगा, म्या बिलकुल न्हाई सांगितलं कुनाला." तुम्ही आतून उठला नाहीत. पुढं जन्मभर त्यांच्याशी बोलला नाहीत. तुम्हाला स्मशानात नेलं त्या दिवशी ते कुंपणाबाहेर चपला हातात घेऊन उभे होते. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

आज गुरुवार. रविवारनंतर तिचा फोन नाही. जोडाच्या कामात असेल, असं मीच मला समजावते. शाळेत त्या नकाशाकडे पाठ करून शिकवते. तिथं पाण्यावर कोण उभं आहे, नांगर कधी सोडणार आहे, काही कळायला मार्ग नाही. भीती वाटते बाबा. माझ्या जिभेची चूक दुसऱ्यांदा आणि तीही माझ्या लेकीला भोवू नये, एवढंच मागणं आहे.

हे तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. खरं तर हे टेंभुर्णीला जायला हवं. काका आहेत अजून, थकलेत, मुलाकडे असतात. त्यांचा नंबर माझ्याजवळ आहे. लेकीचा फोन लागावा म्हणून चार दिवस देव पाण्यात घालून बसलेली मी, आज काकांचा नंबर चारदा काढला आणि चारदा ठेवून दिला. लागेल, याची भीती वाटली.