सम्राटाला एक तरी माफी

३ मार्च, सकाळी ९
आमच्या गेममधला खलनायक, सम्राट, मी लिहिलाय. ऑफिसात म्हणतात, त्याला सत्तेची हाव आहे. हाव कसली डोंबलाची! बाकी कोणी लायकच नाही, मग माणसाने करायचं काय? शेवटच्या लढाईआधी त्याचं सात मिनिटांचं भाषण ठेवलंय. त्यानंतर दोन बटणं: ‘माफ करा’ आणि ‘संपवा’. निम्मे खेळाडू तरी माफ करणार. लिहून ठेवतो.

५ मार्च
सम्राटाच्या डोळ्यांत दुःख दिसत नाही. चित्रकार मुलीला ते एकोणिसाव्यांदा काढायला लावले. भावाच्या लग्नाची तिची रजा अर्थातच रद्द. रडली. मी लगेच माझा आरसा तिच्यापुढे धरला. डोळे झकास जमले. आभार मानायची पद्धतच उरली नाही.

९ मार्च
पहिली चाचणी. चाळीस खेळाडू. सगळ्यांनी भाषण स्किप केलं आणि ‘संपवा’ दाबलं. पिढीच वाया गेलीय. स्किपचं बटण काढून टाकलं.

१० मार्च
आता भाषण सुरू झालं की लोक चहाला जातात. चहाचं मशीन बंद करायला लावलं. डायरेक्टरबाई म्हणाल्या, उद्या एकानेही माफ केलं नाही तर भाषण जाणार, आणि ते लिहिणाराही. बाईंना विनोदाचं अंग आहे.

११ मार्च, दुपारी ४
संपवा: चाळीस. माफ: एक! कोणीतरी मला समजून घेतलं. म्हणजे सम्राटाला. बायकोला फोन केला. बरं, म्हणाली.

संध्याकाळी ६
तो एक सापडला. सफाईच्या मावशी. कंट्रोलर पुसताना फडकं बटणावरून फिरलं. बाई म्हणाल्या, फडक्याचं मत धरत नाहीत. मी हट्टाने मावशींना रीतसर खेळायला बसवलं.

सव्वासहा
मावशींनी अख्खं भाषण ऐकलं. एकदाही उठल्या नाहीत. शेवटी चक्क डोळे पुसले! मी बाईंकडे बघून मान उडवली. मावशींनी विचारलं, याचं ऐकून घेणारं घरीदारी कोणीच नाही का हो? कोणीच नाही, मी म्हटलं, आणि मीही रुमाल काढला. अगं बाई, बिचारा, मावशी म्हणाल्या. सुटू दे एकदाचा.
आणि ‘संपवा’ दाबलं.

१२ मार्च
टेबल आवरतोय. चित्रकार मुलीने स्वतःहून खोका आणून दिला. चांगली मुलगी आहे, मी घडवलेली.
खोक्यात आरसा आधीच ठेवलेला होता. तुमचाच आहे, म्हणाली.